डेट्रॉइटचा निकाल ऑगस्टमध्येच लागतो

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातला मिशिगन राज्याचा तेरावा मतदारसंघ म्हणजे डेट्रॉइट शहराचा मोठा भाग, हॅमट्रॅमक, हायलंड पार्क आणि आसपासची उपनगरं. २०२२ साली इथून निवडून आलेले श्री ठाणेदार बेळगावात वाढलेले, त्यामुळे या जागेचं नाव तुमच्या कानावर आलं असेल. डेमोक्रॅटिक पक्षाचा हा बालेकिल्ला. त्या नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीत ठाणेदारांना सुमारे ७१ टक्के मतं पडली. पण खरी झुंज तीन महिने आधीच, ऑगस्टच्या प्रायमरीत झाली होती.

प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार मतदारांनीच ठरवण्याची निवडणूक. मिशिगनमध्ये मतदार यादीत पक्षाची नोंद नसते. एकाच मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने असतात, आणि मतदाराने त्यातल्या एकाच रकान्यात खुणा करायच्या असतात. एक खूण इकडे, एक तिकडे केली, की पक्षीय जागांसाठीची त्याची सगळी मतं बाद. दुसरी फेरी नाही. ज्याला सर्वाधिक मतं, तो जिंकला. २०२२ला रिंगणात नऊ जण होते आणि ठाणेदार जिंकले ते जेमतेम २८ टक्क्यांवर. त्या निकालाचं मोल मोठं होतं. १९५५मध्ये चार्ल्स डिग्ज प्रतिनिधिगृहात गेले, तेव्हापासून डेट्रॉइटचा किमान एक कृष्णवर्णीय प्रतिनिधी तिथे कायम होता. २०२३च्या जानेवारीत ती परंपरा तुटली. बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीच्या शहराला हे लागलं, आणि ते लागणं रास्तच होतं.

मतविभागणी किती बारीक काम करते, हे २०१८ने दाखवलं. १९६५पासून डेट्रॉइटचे प्रतिनिधी असलेले जॉन कॉन्यर्स यांनी डिसेंबर २०१७मध्ये राजीनामा दिला. मग एकाच दिवशी, एकाच मतदारांपुढे दोन प्रायमरी आल्या: एक उरलेल्या काही आठवड्यांसाठी, दुसरी पुढच्या पूर्ण मुदतीसाठी. पहिलीत चार उमेदवार होते. ब्रेंडा जोन्स दीड हजारांहून अधिक मतांनी पुढे राहिल्या. दुसरीत सहा होते. तिथे रशिदा तलेब सुमारे ९०० मतांनी जिंकल्या. वाढलेल्या दोन नावांनी मतं फोडली आणि पारडं फिरलं. नोव्हेंबरात रिपब्लिकन उमेदवारच नव्हता.

जुने आकडे ताडून पाहताना एक काळजी घ्या. २०२२ला मिशिगनच्या जागा १४च्या १३ झाल्या आणि स्वतंत्र नागरिक आयोगाने नकाशा नव्याने आखला. तलेब बाराव्या मतदारसंघात गेल्या. म्हणजे २०२०चा तेरावा आणि २०२२चा तेरावा हे एक नव्हेत. कॉन्यर्स तर पहिला, चौदावा आणि तेरावा अशा तीन क्रमांकांखाली निवडून आले.

प्रायमरीच्याही आधी एक चाळणी असते, सह्यांची. उमेदवाराला मतदारसंघातल्या नोंदणीकृत मतदारांच्या किमान १,००० ग्राह्य सह्या द्याव्या लागतात. जास्तीत जास्त २,००० देता येतात. जाणकार मंडळी वरच्या मर्यादेजवळ जातात, कारण तपासणीत शेकड्यांनी सह्या गळतात: कोणी हद्दीबाहेरचा, कोणाचं नाव यादीत नाही. २०१४मध्ये खुद्द कॉन्यर्स इथे अडकले. सह्या गोळा करणारे काही जण स्वतः नोंदणीकृत मतदार नव्हते आणि राज्याच्या कायद्यात तशी अट होती. शेवटी फेडरल न्यायालयाने त्यांचं नाव मतपत्रिकेवर परत आणलं. २०२२ला दुसरे आलेले अ‍ॅडम हॉलियर २०२४ला पुन्हा उतरले. ठाणेदारांनी त्यांच्या सह्यांना हरकत घेतली. ग्राह्य सह्या भरल्या ८६३, म्हणजे १३७ कमी, आणि हॉलियर यांचं नाव मतपत्रिकेवर आलंच नाही. त्या ऑगस्टमध्ये ठाणेदारांना निम्म्याहून अधिक मतं मिळाली.