दाम तर उधळा: तिरकस शब्दकोड्याची फोड

[पडद्यावर क्लू]
दाम तर उधळा, मिळेल बोटाला शाई लावून घेणारा (४)

वाचलंत? हसू आलं असेल, तर रचणाऱ्याचं निम्मं काम तिथेच झालं. हसताना आपण वाक्याचा अर्थ लावत बसतो, आणि तिरकस कोड्यात अर्थ लावत बसलं की फसलोच. हे वाक्य निवडणुकीबद्दल काहीही म्हणत नाहीये. ते तुम्हाला एक काम सांगतंय: ‘दाम तर’ ही अक्षरं घ्या आणि उधळा.

दा, म, त, र. चार अक्षरं, कंसातही चार. विस्कटून पुन्हा मांडा: म, त, दा, र. मतदार. आणि बोटाला शाई लावून घेणारा कोण? तोच.

साध्या शब्दकोड्यात ‘मत देणारा’ एवढंच विचारतात. उत्तर येतं किंवा येत नाही, विषय संपला. तिरकस कोड्यातला क्लू उत्तर दोनदा सांगतो: एकदा सरळ अर्थाने, एकदा अक्षरांच्या करामतीने. अर्थ असतो सुरुवातीला किंवा शेवटी, मधे नाही. त्यामुळे क्लू वाचला की आधी त्याचे दोन तुकडे करून बघायचे. कात्री कुठे लावायची, हाच सगळा खेळ. स्वल्पविराम जिथे असेल तिथेच कात्री लागेल असं मात्र समजू नका. विरामचिन्हं वाक्याच्या सोयीची असतात, तुमच्या नाही.

करामत ओळखायला खूणशब्द असतो. ‘उधळा’ हा खूणशब्द. विस्कटा, ढवळा, गोंधळ, दंगल, बिघडलेलं, नव्याने मांडलेलं, असं काही दिसलं की शेजारची अक्षरं मोजायची. कंसातल्या आकड्याशी जुळली, तर तुम्ही योग्य दारात उभे आहात.

मोजायचं कसं, हे आधी पक्कं करू, कारण मराठीत सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. एक घर म्हणजे एक अक्षर, त्याच्या काना-मात्रा-वेलांटीसकट. ‘दा’ एक घर. ‘श्वा’सुद्धा एकच घर, जोडाक्षर फोडायचं नाही. अनुस्वार अक्षराबरोबरच जातो. अक्षरं हलवली तरी काना आपल्या व्यंजनाला सोडत नाही. ‘दाम’ उलटा केला तर ‘मदा’ होईल, ‘माद’ नाही.

आता सोपा प्रकार: उलटापालट.

सभा उलटली की उरतो भ्रम (२)

स, भा. उलट वाचा: भा, स. भास. अर्थ शेवटी: भ्रम. ‘की उरतो’ हा नुसता जोड, ‘यातून हे मिळतं’ असं सांगणारा. ‘मत फिरलं की अंधार’, यात उत्तर तम, तेही याच वळणाचं.

इथे रचणाऱ्याची एक हमखास चूक दाखवतो. ‘मेळावा उलटा भ्रम (२)’. खूणशब्द बरोबर मधे. मग सभा उलटी करून भास लिहायचं, की भास उलटा करून सभा? दोन्ही उत्तरं बसतात. असा क्लू दिसला तर रचणाऱ्याला मनात काय म्हणायचं ते म्हणा, पण शाईने लिहू नका. छेदणारा शब्द, म्हणजे यातलंच एखादं घर वापरणारा दुसरा शब्द, सुटेपर्यंत थांबा.

[पडद्यावर रिकामी चौकट: १ उभा, ४ घरं, २ आडवा, ५ घरं, ३ उभा, ३ घरं, ४ आडवा, ४ घरं]

आता हे छोटं जाळं. १ उभा म्हणजे मतदार, तो भरून टाकला. त्याचा शेवटचा ‘र’ हा २ आडव्याचाही शेवटचा आहे. तिथे काय विचारलंय?

आशेनंतर घाव, असा हा मतं मागणारा (५)

उधळणं नाही, उलटणं नाही. ‘नंतर’ आहे. म्हणजे तुकडे एकामागे एक जोडायचे. आशा म्हणजे उमेद. घाव म्हणजे वार. उमेद अधिक वार, उमेदवार. शेवटचं अक्षर ‘र’, जुळलं. शब्द मुळात असा बनलेला नाही, ‘उमेदवार’मधला ‘वार’ हा प्रत्यय आहे, घाव नव्हे. पण कोड्याला व्युत्पत्तीशी देणंघेणं नसतं, फक्त अक्षरं दिसतात. मराठीत हा जोडणीचा प्रकार फार फळतो. सत्ता आणि सबब जोडा: राज अधिक कारण. गुरुजींमागे गाडी लावा: सर अधिक कार. तिरकस रचणाऱ्याला भाषेने दिलेलं आयतं भांडवल आहे हे.

३ उभा. पहिलं घर म्हणजे उमेदवारमधलं चौथं, ‘वा’.

परवा रसदीत दडून आला घराणेशाहीचा लाभार्थी (३)

दडणं, लपणं, पोटात असणं, काही भाग: हे सगळे ‘उत्तर इथेच छापलंय’ असं सांगणारे खूणशब्द. ‘परवा रसदीत’ सलग वाचा, दोन शब्दांमधली जागा विसरून. प, र, वा, र, स, दी, त. मधे बघा: वा, र, स. वारस. घराणेशाहीचा लाभार्थी दुसरा कोण असणार!

लपलेला शब्द खरं तर सगळ्यात सोपा, आणि तरी सगळ्यात जास्त वेळा सुटतो, कारण आपला डोळा शब्दाच्या कडेला थांबतो. उपाय साधा: संशयित भाग कागदावर जागा न सोडता लिहून काढा.

आता ४ आडवा. हा जरा तब्येतीने घेऊ.

खुर्चीत शेपूट तुटलेलं कुत्रं, म्हणे दिलेला शब्द (४)

वारसमधला ‘स’ इथे तिसऱ्या घरात येतो. म्हणजे रिकामं, रिकामं, स, रिकामं. दोन टोकं तपासा. एका टोकाला ‘खुर्ची’, दुसऱ्या टोकाला ‘दिलेला शब्द’. खुर्ची हा अर्थ असेल तर ‘खुर्चीत’ कशाला लिहिलं असतं? तो ‘त’ काहीतरी काम करतोय. म्हणून अर्थ शेवटी: दिलेला शब्द. वचन? तीनच अक्षरं. शपथ? तीच अडचण.

करामतीकडे जाऊ. कुत्रं म्हणजे श्वान. शेपूट तुटलं, म्हणजे शेवटचं अक्षर गेलं: श्वा. आता ते खुर्चीत बसवायचं. खुर्ची म्हणजे आसन. आ, स, न. यात ‘श्वा’ कुठे शिरेल? ‘स’ तिसऱ्या घरात हवाय, म्हणजे ‘आ’च्या लगेच मागे. आ, श्वा, स, न. आश्वासन. (कुत्र्याचा तुटलेला ‘न’ खुर्चीच्या टोकाला आधीच होता, हा योगायोग मला तरी आवडतो.)

इथे मराठीपुरता एक बारकावा आहे, आणि तो कळला नाही तर अर्धे क्लू अडून बसतात. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात आणि शब्दाचं रूपही बदलतात. रसद, पण रसदीत. आशा, पण आशेनंतर. मग अक्षरं कोणती घ्यायची? क्लूमधली छापील अक्षरंच वापरायची असतील, म्हणजे लपलेला शब्द किंवा उधळण, तर जसं छापलंय तसंच घ्यायचं, ‘दी’ म्हणजे ‘दी’. पण शब्दाच्या जागी समानार्थी शब्द घ्यायचा असेल, तर मूळ रूप: ‘आशे’ नाही, आशा, म्हणून उमेद. खुर्चीतला ‘त’ अक्षर म्हणून मोजायचा नाही, तो ‘आत घाल’ असा हुकूम आहे. मराठी क्लूमध्ये खूणशब्द पुष्कळदा असा एका अक्षराचा, दुसऱ्याच्या शेपटाला लागलेला असतो.

हा खेळ इंग्रजीतून आला आहे. पहिलं शब्दकोडं आर्थर विन यांनी रचलं, ते २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये छापून आलं. ते साधं होतं. तिरकसपणा वाढला तो इंग्लंडमध्ये, १९२० च्या दशकात. पुढे ‘झिमेनीज’ या टोपणनावाने रचणाऱ्या डी. एस. मॅकनट यांनी १९६६ साली पुस्तक लिहून शिस्त घातली. तिचं सार असं: नेमका अर्थ, प्रामाणिक करामत, आणि तिसरं काहीही नाही. वाक्य सजवायला घुसडलेला फुकटचा शब्द म्हणजे लबाडी. राजकीय चावेपणा मात्र नियमात बसतो. लंडनच्या ‘प्रायव्हेट आय’ या पाक्षिकाचं कोडं त्यासाठीच ओळखलं जातं. तिथे एके काळी टॉम ड्रायबर्ग हे खासदारच ‘टायरेसियस’ या नावाने कोडी रचत. कोडी चावट असत, आणि १९७२ साली त्यांचं दोन पौंडांचं बक्षीस मिळालं ते पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झालेल्या गृहस्थांच्या पत्नीला.

इंग्रजीतल्या रचणाऱ्याकडे सुटे पैसे खूप असतात. एकेक व्यंजन, एकेक स्वर वेगळा, त्यामुळे सव्वीस अक्षरांची उधळण करूनही एक आख्खं नवं वाक्य उभं राहतं. आपल्याकडे नोटा बंद्या. ‘दा’ हा ‘दा’च राहणार, त्याचा काना दुसऱ्याला उसना देता येत नाही. म्हणून मराठीत लांबलचक उधळण क्वचितच जमते. ‘दाम तर’ हे चार अक्षरांत जमलं, हेच पुष्कळ. इंग्रजी पद्धतीने जिथे तिथे उधळण शोधत बसू नका. जोडणी, उलटापालट, लपवणूक यांवर आधी भर द्या.

दोन प्रकार झटपट. ‘हात, जो सरकारला द्यावाच लागतो (२)’. यात करामत नाही, दोन अर्थच शेजारी ठेवलेत. कर म्हणजे हात, कर म्हणजे सरकारदेणं. क्लू खूप आखूड असेल आणि खूणशब्द सापडत नसेल, तर हा संशय घ्यायचा.

दुसरा, कानाचा प्रकार: ‘ऐकलं की दिवस येणार, आले ते गरीब (२)’. दिवस म्हणजे दिन. ऐकायला तसाच लागणारा, पण अर्थ गरीब: दीन. चौकटीत ‘दी’ दीर्घ लिहायची, कारण अर्थ गरिबाचा आहे. ‘दि’ लिहिलीत तर छेदणारा शब्द बिघडेल आणि चूक भलत्याच ठिकाणी शोधत बसाल.

अडलात तर? पहिल्या क्लूवर हट्ट धरू नका. आधी सगळे क्लू चाळा आणि फक्त लपलेले शब्द व आद्याक्षरं शोधा, ती सर्वांत लवकर हाती लागतात. मग छेदांच्या जोरावर बाकीचे. उत्तर अंदाजाने सुचलं, पण करामत जुळत नाही, असं झालं तर ते पेन्सिलीनेच लिहा. ‘दिलेला शब्द’ वाचून ‘शब्द चार अक्षरी हवा’ म्हणून कुणी ‘अभिवचन’ कोंबायला जाईल, तर ती पाच अक्षरं. आणि करामत पूर्ण जुळली पण अर्थ जुळत नाही, तर बहुतेक वेळा कात्री चुकीच्या टोकाला लागलेली असते.

आता आजचा सर्वांत देखणा प्रकार.

गावोगावी जमलेल्या रयतेला आधी दाखवलं जातं ते (३)

कात्री लावून बघा. लागत नाही. ‘आधी’ हा खूणशब्द: आधीची, म्हणजे पहिली अक्षरं. गावोगावी, जमलेल्या, रयतेला. गा, ज, र. गाजर. आणि सरळ अर्थ? आख्खं वाक्यच. गावोगावी जमलेल्या रयतेला आधी काय दाखवतात, ते काय सांगायला हवं! करामत आणि अर्थ एकाच वाक्यात, एकही शब्द फालतू नाही. रचणाऱ्यांना असा क्लू क्वचित साधतो. सोडवणाऱ्याने एवढंच लक्षात ठेवायचं: कात्री कुठेच लागत नसेल, तर हा प्रकार तपासून बघायचा.

शेवटचा क्लू तुमच्यासाठी. उत्तर मी सांगणार नाही, कमेंटमध्ये लिहा, आणि नुसतं उत्तर नको, फोडही लिहा.

[पडद्यावर क्लू]
निघूया आता, लाच परत केली (२)