मटकीच्या सालाचा प्रवास

ताटात ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, बाजूला कांदा. घास कितीही चावा, मटकीचं साल जिभेला लागतंच. तेच साल आणि भाकरीतला कोंडा पोटात उतरतो. जठरातल्या आम्लाला तो दाद देत नाही. सुमारे 6 मीटर लांबीचं लहान आतडं पिष्ट आणि प्रथिनं टिपून घेतं, पण साल-कोंड्यातले हे तंतू सुटत नाहीत. ते तोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, माणसाकडे नाहीतच.

शाळेत आपण याला 'चोथा' म्हणायला शिकलो. रस काढल्यावर उरतो, टाकून देतात, तो चोथा. मला हा शब्द खटकतो.

कारण काही तासांनी हा ऐवज मोठ्या आतड्यात पोहोचतो. तिथे ऊब आहे, ओल आहे, आणि प्राणवायू जवळजवळ नाही. पीठ आंबायला ठेवावं, तशीच ही जागा. आपल्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू आहेत, आणि त्यातले बहुतेक इथे राहतात. बॅक्टेरॉइड्स गटातल्या एका जातीकडे तर कर्बोदकं तोडणारी 200 हून अधिक विकरं आहेत.

तंतू आंबतात. वायू सुटतो, पोट गुरगुरतं. आणि तयार होतात लहान आकाराची मेदाम्लं. त्यातलं अ‍ॅसिटिक, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, रक्तावाटे स्नायूंपर्यंत जातं. प्रोपिऑनिक यकृत घेतं. आणि तिसरं ब्युटिरिक. खवट लोण्याला जो उग्र वास येतो, तो याचाच. नावही लोण्यावरूनच पडलं.

हे ब्युटिरिक फार लांब जात नाही. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी ते तिथल्या तिथे जाळतात. त्यांची सुमारे 70 टक्के ऊर्जा यातूनच येते.

शस्त्रक्रियेत कधीकधी मलाचा मार्ग वळवावा लागतो. मग आतड्याचा रिकामा पडलेला भाग सुजतो, त्यातून रक्तही येतं. रक्तपुरवठा नीट असतो, पण आतून येणारं अन्न थांबलेलं असतं. 1989 मध्ये डॉक्टरांनी अशा मोजक्या रुग्णांच्या आतड्यात हीच मेदाम्लं सोडली, आणि सूज ओसरली.

पिष्टाच्या एका ग्रॅममागे 4 कॅलरी मिळतात, आंबणाऱ्या तंतूंच्या ग्रॅममागे साधारण 2. गोरिलाची निम्म्याहून अधिक ऊर्जा अशी येते, आपली जेमतेम 10 टक्क्यांपर्यंत.

ताट धुऊन झालं. रात्र झाली. आत, दुपारची मटकी आता कुठे आंबायला लागली आहे.