नाव देणं आणि नावं ठेवणं

(कला शाखेच्या तिसऱ्या वर्षाच्या, मानसशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्यांपुढे सत्राच्या सुरुवातीला दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

दरवर्षी गणपतीच्या सुट्टीनंतर कुणीतरी माझ्या दाराशी घुटमळतं. "मॅडम, पाच मिनिटं आहेत?" आत आलं की दार लोटून घेतं आणि सांगतं, मला नैराश्य आहे. एका मुलाला तर आठवड्याभरात तीन आजार झाले होते. चौथं प्रकरण अजून शिकवायचं होतं! हसू नका, यंदा तुमच्यातलंच कुणीतरी येणार आहे. डॉक्टरकीच्या मुलांचंही असंच होतं, हृदयरोग शिकताना छातीत दुखायला लागतं. पण त्यांना ईसीजी काढून खात्री करता येते. आपल्याकडे छिन्नमनस्कतेची, म्हणजे स्किझोफ्रेनियाची, रक्ततपासणी नाही, नैराश्याचा एक्सरे नाही. डॉक्टर थायरॉईड तपासायला सांगतात, ते दुसरंच काही कारण नाही ना हे बघायला. बाकी आपलं सगळं काम शब्दांवर चालतं. म्हणून आज शब्दांबद्दलच बोलते.

तुमच्या पेपरचं नाव 'अपसामान्य मानसशास्त्र'. पुस्तकात डिसऑर्डरला 'विकृती' म्हटलेलं आहे: चिंता विकृती, भावस्थिती विकृती. प्रकृती आणि विकृती ही आयुर्वेदातली जुनी जोडी, तिथे त्या शब्दाला काही डाग नाही. पण आजच्या मराठीत विकृत कुणाला म्हणतात? मुलीच्या तोंडावर ॲसिड फेकणाऱ्याला. आता एखाद्या आईला जाऊन सांगा, "तुमच्या मुलाला चिंता विकृती आहे." ती काय ऐकेल? परीक्षेत पुस्तकातला शब्द लिहा, मार्क जायला नकोत. बोलताना मात्र 'विकार' किंवा सरळ 'आजार' म्हणा.

छिन्नमनस्कतेचंही तेच. ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९०८ मध्ये 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द आणला. ग्रीकमध्ये दुभंगणं आणि मन. आपण त्याचं चोख भाषांतर केलं आणि घोटाळाही सोबत घेतला. एका शरीरात दोन माणसं राहतात, असं लोकांना वाटतं. तसं काही नसतं. विचार, भावना आणि कृती यांची एकमेकांशी असलेली सांगड सुटते, असं ब्लॉयलरला म्हणायचं होतं. जपानी शब्दाचा अर्थही 'मन फाटण्याचा आजार' असाच होता. तिथल्या रुग्णांच्या कुटुंबीयांनी तक्रार लावून धरली आणि २००२ मध्ये जपानने आजाराचं नावच बदललं. आम्ही मात्र गावांची नावंसुद्धा सोडली नाहीत. राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. "याला ठाण्याला पाठवा" हा विनोद तुम्ही सगळ्यांनी केलेला आहे. मीही केला आहे, शिक्षक झाल्यावरसुद्धा.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगते. प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये केस लिहायची असते. काही वर्षांपूर्वी एका मुलीने 'श्रीमती क्ष' लिहिली. नळ कितीही घट्ट बंद केला तरी पुन्हा जाऊन बघणारी, भांडी धुतली की पुन्हा धुणारी, दूधवाल्याने दिलेल्या सुट्ट्या पैशांनाही साबण लावणारी. खाली निदान होतं: मंत्रचळ, म्हणजे ओसीडी. मी लाल पेन घेऊन लिहिलं, "आमच्या आजीही सोवळ्यात स्वयंपाक करायच्या, ओलेत्याने पाणी भरायच्या. त्यांनाही मंत्रचळच म्हणायचं का?" मला वाटलं, काय पण चलाख प्रश्न विचारला.

दुसऱ्या दिवशी ती जर्नल घेऊन आली. म्हणाली, "मॅडम, तुमच्या आजींचं सोवळं स्वयंपाक झाला की संपत होतं ना? आईचं संपत नाही."

याहून चांगली व्याख्या मला आजवर कुणी दिलेली नाही. निदानाच्या पुस्तकात काय आहे? विचार आणि कृती दिवसाचा एक तासाहून जास्त वेळ खातात, किंवा त्यांचा खूप त्रास होतो, रोजच्या जगण्यात अडथळा येतो. आजींना सोवळ्याचा त्रास नव्हता, उलट अभिमान होता. (त्रास सुनांना होता, तो वेगळ्या पेपरचा विषय.) या बाई मात्र टाकी रिकामी होईपर्यंत धूत बसायच्या, आणि आपलं हे वेडगळ आहे हे त्यांना स्वतःलाही कळायचं. सख्ख्या बहिणीच्या मुलीच्या लग्नाला त्या गेल्या नव्हत्या.

म्हणून त्या रटाळ वाटणाऱ्या अटी नीट पाठ करा. नैराश्यासाठी नऊपैकी पाच लक्षणं, त्यात उदास मन किंवा कशातच रस न वाटणं यांपैकी एक हवंच, आणि तेही जवळजवळ रोज, दोन आठवडे. छिन्नमनस्कतेची चिन्हं सहा महिने. पेपर अवघड गेला म्हणून दोन दिवस जेवण गेलं नाही, तर ते नैराश्य नव्हे. आणि तीन आठवडे अंथरुणातून उठवत नसेल, तर "काही नाही, मनाला लावून घेतेस" असंही म्हणायचं नाही.

त्या बाईंना शेवटी लेकीनेच मनोविकारतज्ज्ञाकडे नेलं. औषध सुरू झालं, आणि जोडीला एक उपचार, ज्यात हात मळलेला ठेवायचा आणि धुवायला जायचं नाही. ऐकायला सोपं, करायला भयंकर. मुलगी सांगत होती, आई पहिल्या भेटीतच रडली. कशामुळे? तर याला नाव आहे म्हणून. अकरा वर्षं घरात तिला खूळ लागलेली, हट्टी, कजाग म्हटलं होतं. आपण मराठीत नाव देतो आणि नावं ठेवतो. फरक एका अनुस्वाराचा आणि एका क्रियापदाचा.

आता नाव देणारा कोण, हेही विचारा. समलैंगिकता हा विकार म्हणून अमेरिकी यादीत होता. डिसेंबर १९७३ मध्ये तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने तो काढला, पुढच्या वर्षी सदस्यांनी त्यावर मतदानही केलं. रक्तातली साखर कधी मतदानाने उतरली आहे? आपल्याकडे मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा. समाजाच्या नैतिक किंवा धार्मिक समजुतींशी कुणाचं पटत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असं त्याच्या तिसऱ्या कलमात आहे. घरच्यांना न विचारता लग्न ठरवणाऱ्या मुलीला "डोकं तपासून आण" म्हणणाऱ्यांसाठी हे कलम वाचून ठेवा.

अंगात येण्याचं काय, हे कुणीतरी विचारणारच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीत त्याची सोय आहे. जत्रेत, वाजंत्रीच्या गजरात, सगळ्यांच्या संमतीने अंगात येतं आणि आरती झाली की ती बाई चहा पिते, त्याला विकार म्हणत नाहीत. नको असताना, कुठेही, वारंवार येतं आणि संसार मोडायला लागतो, तेव्हा म्हणतात. पुन्हा तेच: संपतं की नाही?

पुढच्या महिन्यात आपली मनोरुग्णालयाची भेट आहे. मोबाईल बसमध्ये राहतील. मागे एका भेटीत बटाटे सोलत बसलेल्या एका बाईंनी आमच्या मुलीला विचारलं, "कुठला विषय?" ती म्हणाली, "मानसशास्त्र." बाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि शेजारचा पाट पुढे सरकवला. "मग बस की. उभ्याने काय कळणार?"

ती बसली. तासाभराने बस सुटायची वेळ झाली, तेव्हा तिला शोधायला मीच गेले. दोघींनी मिळून अर्धं पोतं सोललं होतं.