ड्रम ते डिस्क : उद्यमनगरातला एक जुना ट्रक

(दृश्य : गॅरेज. लेथचा आवाज. जॅकवर उचललेला ट्रक.)

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, एका लेथखान्याच्या पिछाडीला, १९५१ सालचा शेव्हर्ले ट्रक पुढची दोन्ही चाके काढून उभा आहे. मालकांच्या आजोबांनी त्यातून शाहूपुरीच्या पेठेत गुळाच्या ढेपा आणल्या. आता त्याच्यावर ओझे पडत नाही, पण मालकांना तो पन्हाळ्यापर्यंत चढवायचा आहे आणि तिथून सुखरूप उतरवायचाही आहे. अडचण उतरण्याचीच आहे, म्हणून पुढच्या चाकांचे ड्रम ब्रेक काढून तिथे डिस्क ब्रेक बसवले जात आहेत.

(दृश्य : उघडा ड्रम, झिजलेले लाइनर.)

या ट्रकच्या चारही चाकांना बिडाचे ड्रम आहेत. पेडल दाबले की चाकाच्या सिलिंडरमधले दट्टे दोन्ही शू, म्हणजे ब्रेकच्या कमानदार पट्ट्या, बाहेर ढकलतात आणि त्यांच्यावरचे अस्तर, म्हणजे लाइनर, ड्रमच्या आतल्या अंगाला घासते. या रचनेत एक खुबी अशी आहे, की फिरणारा ड्रम शूला आपल्याबरोबर ओढून स्वतःच अधिक घट्ट आवळून घेतो आणि त्यामुळे पायाला जोर कमी लागतो. दोष आहे तो उष्णतेचा. लांब उतारावर ड्रम तापून फुगतो, म्हणजेच शूपासून दूर सरकतो, तापलेल्या लाइनरची पकडही घटते, आणि पेडल दर वळणावर थोडे अधिक खाली जाऊ लागते. ड्रममध्ये पाणी शिरले तर पहिले दोन-तीन ब्रेक लागल्यासारखे वाटतच नाहीत, आणि ज्याने गगनबावड्याचा पाऊस पाहिला आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला, म्हणजे डिस्कला, कॅलिपर नावाच्या चिमट्यातले पॅड दोन्ही बाजूंनी दाबतात. ही डिस्कही बिडाचीच असते, शिरोलीच्या फौंड्र्यांत ओतले जाते त्याच जातीच्या करड्या बिडाची, कारण त्यातील ग्रॅफाइटचे पापुद्रे उष्णता झपाट्याने पसरवतात. मात्र ती उघड्या वाऱ्यात फिरते, पाणी झटकून टाकते, आणि तापून जाड झाली तरी पॅडच्या दिशेनेच वाढते.

(दृश्य : लेथवर चढवलेला हब, डायलची सुई.)

चाकाच्या सहा नटांचे वर्तुळ साडेपाच इंची, म्हणजे १३९.७ मिलिमीटरचे आहे, आणि पुढच्या काळातील अनेक पिकअप गाड्यांनाही तेच असल्यामुळे जुळणारी डिस्क शोधावी लागली नाही. परंतु डिस्क हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, सरळ बसावी म्हणून टर्नरने हबचे तोंड लेथवर फेसिंग करून घेतले. डिस्क हाताने फिरवताना तिची डगमग मोजणाऱ्या डायलची सुई ०.१ मिलिमीटरहूनही कमी हलली पाहिजे, असा हे काम करणाऱ्या मेस्त्रींचा आग्रह आहे, नाहीतर ब्रेक मारताना पेडल पायाखाली थरथरते. कॅलिपर धरणारी जाड प्लेट त्यांनी ड्रममागच्या पत्र्याच्या, म्हणजे बॅकप्लेटच्याच, जुन्या छिद्रांत हायटेन्साइल बोल्टने आवळली. वेल्डिंग टाळले, कारण ब्रेकचा सारा हिसका त्या जोडावर येतो.

(दृश्य : ट्रकखालून दिसणारा मास्टर सिलिंडर.)

बाहेरून दिसणारे काम इथे संपते, आणि निगुतीचे काम चालकाच्या पायाखालच्या पत्र्याखाली सुरू होते. पेडलच्या जोराने ब्रेकचे तेल चाकांकडे ढकलणाऱ्या मूळ मास्टर सिलिंडरला एकच कप्पा होता, म्हणजे कुठेही एक नळी फुटली की चारही चाके मोकळी. आमच्या मते डिस्क लावायची नसली तरी एवढा भाग बदलावाच. आता तिथे पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी वेगळे कप्पे असलेला सिलिंडर आहे.

डिस्कला स्वतःहून आवळण्याची खुबी नसल्यामुळे तेलाचा दाब जास्त लागतो. सिलिंडरचे बोअर (आतला व्यास) १ इंचावरून ७/८ इंच केले तर तेवढ्याच जोरात दाब सुमारे ३० टक्के वाढतो, पण पेडलही त्याच प्रमाणात खोल जाते, आणि कॅलिपरच्या मोठ्या दट्ट्यांना तेल अधिकच लागते. म्हणून मेस्त्रींनी बोअर १ इंचच ठेवले आणि इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर जोडला. शिवाय हा सिलिंडर कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर असल्याने ब्रेक सोडल्यावर तेल उलटे ओघळते. ते थांबवण्यासाठी पुढच्या नळीत २ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब राखणारा छोटा व्हॉल्व्ह आहे. मागे ड्रमच ठेवले असल्याने तिथे तो १० पीएसआयचा आहे, आणि रिकाम्या हौद्यामुळे हलकी झालेली मागची चाके आधी जाम होऊ नयेत म्हणून त्यांचा दाब घटवणारा आणखी एक व्हॉल्व्ह बसवला आहे.

(दृश्य : पारदर्शक नळीतून निघणारे बुडबुडे.)

पहिल्या संध्याकाळी तेलाच्या नळ्यांतली हवा काही केल्या निघेना. पेडल स्पंजासारखे दबत राहिले आणि दोन बाटल्या तेल वाया गेले. सकाळी कारण सापडले. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला होता, त्यामुळे हवा काढायचे निपल खालच्या अंगाला आले होते आणि हवा वर अडकून राहत होती. मेस्त्रींनी हा प्रसंग चित्रीकरणातून वगळायला नकार दिला.

(दृश्य : वाघबीळचा उतार.)

पॅड आणि डिस्क एकमेकांना लागावेत म्हणून आधी सपाट रस्त्यावर बेताने ब्रेक मारत फेऱ्या झाल्या, आणि मग ट्रक पन्हाळ्याहून उतरला. वाघबीळला थांबवून मेस्त्रींनी पुढच्या दोन्ही डिस्कांचे तापमान मोजले, ते जवळजवळ सारखे निघाले. पेडल मात्र वरून किंचित सैल होते. मागच्या डाव्या शूचे ड्रमपासूनचे अंतर जुळवणारा ॲडजस्टर दोन खाचा फिरवायचा राहिला होता, तो त्यांनी रस्त्याच्या कडेलाच, ट्रकखाली आडवे होऊन फिरवला.