करन्सीची वही

सभ्य श्रोतेहो, मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक नाही. खडे बाजार, गणपत गल्ली आणि शहापूर भागांतल्या छोट्या दुकानदारांच्या वह्या लिहिणे आणि त्यांची कराची विवरणपत्रे भरणे हे माझे पंचवीस वर्षांचे काम. बेळगावच्या बाजारपेठेतली मोबाइलची स्वतंत्र दुकाने एकामागून एक का मिटली, याबद्दल मी जे सांगणार आहे ते या वह्यांतून दिसलेले आहे. ऑनलाइनने दुकाने खाल्ली, असे आपण सर्रास म्हणतो. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. कारण ही दुकाने फोन विकून कधी जगलीच नव्हती.

साधे गणित करून पाहा. दुकानदाराने महिन्याला पंधरा हजारांचे वीस फोन विकले, तर वर्षाची उलाढाल 36 लाखांची होते आणि ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारतात. त्यात शेकडा चार सुटले असे धरले, तर हाती येतात वर्षाला 1 लाख 44 हजार, म्हणजे महिन्याला बारा हजार. त्यातून भाडे, वीजबिल आणि पोऱ्याचा पगार भागवायचा. शिवाय माल काचेच्या कपाटात असतानाच कंपनीने किंमत उतरवली, की फरकाचा चटका आधी दुकानदाराला बसायचा.

मग दुकान चालायचे कशावर? 2003 मध्ये येणारे कॉल मोफत झाले, त्यानंतर हमाल, भाजीवाली, वीटभट्टीवरचा मजूर या सगळ्यांच्या खिशात फोन आला आणि त्यात दहा-वीस रुपये भरण्याचे काम गल्लीतल्या दुकानाकडे आले. कोल्हापूरकडे लोक बॅलन्स म्हणतात. आपल्याकडे कन्नडच्या शेजाराने त्याला करन्सी हा शब्द रुळला. “दहाची करन्सी घाला की,” असे म्हणत गिऱ्हाईक आत यायचे. दुकानदाराकडे दुसऱ्यांच्या फोनमध्ये पैसे भरण्यासाठी वेगळे सिम असे, त्याला लापू म्हणत, वितरकाचा माणूस त्यात पैसे टाकून जाई, आणि शंभरामागे जेमतेम दोन-तीन रुपये सुटत. पण माणूस रोज येई. गल्ल्याशेजारी शाळकरी मुलांची दोनशेपानी वही दोरीने बांधलेली असे, तिच्यात नंबर, रक्कम आणि उधारी असेल तर पुढे एक फुली. रोज येणारा माणूस कधी कव्हर घेई, कधी इअरफोन, कधी चार्जिंगची पिन बदलून घेई, आणि खरा नफा तिथे होता. फोन हे दुकानाचे नाव होते, पोट या किरकोळ गोष्टींवर भरत होते.

सीमाभागात यात आणखी एक पदर होता. बेळगाव मोबाइल सेवेच्या कर्नाटक सर्कलमध्ये, म्हणजे विभागात, तर चंदगड आणि गडहिंग्लज महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये. टॉवरच्या लहरींना सीमारेषा कुठली कळायला! उचगाव-तुरमुरीकडच्या माणसाने वेंगुर्ला रस्त्याने शिनोळी गाठली, की रोमिंगचे पैसे कापले जात. त्यामुळे दोन सिमांचा फोन इथे चैनीची नव्हे, तर गरजेची वस्तू होता, आणि कुठल्या गावाला कुठल्या कंपनीची रेंज धरते हे दुकानदाराला तोंडपाठ असे. बँकेचा संदेश इंग्रजीत, कंपनीचा कन्नडमध्ये आणि वाचणारी मावशी फक्त मराठी जाणणारी. तिचा फोन हातात घेऊन ते वाचून दाखवण्याचे कामही त्याचेच. या कामाचे पैसे कोणी घेतले नाहीत, म्हणून माझ्या एकाही वहीत त्याला खाते नाही.

आता घसरणीकडे येतो. फेब्रुवारी 2014 मध्ये मोटो जी आणि जुलैमध्ये शाओमीचा एमआय 3 हे फोन फक्त फ्लिपकार्टवर विकायला आले. गल्लीतल्या दुकानदाराच्या आयुष्यात पहिल्यांदाच असे घडले, की गिऱ्हाईक मॉडेलचे नाव घेऊन आले आणि तो माल कुठल्याच वितरकाकडे मिळेना. पुढे किंमतही उघडी पडली. लोक दुकानात येऊन फोन हाताळत, वजन पाहत, कॅमेरा उघडत आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवत. चार दिवसांनी त्याच फोनवर टेम्पर्ड ग्लास बसवायला त्याच दुकानात येत. यावर एक दुकानदार मला म्हणाला होता, “ग्लासवर तर सुटतंय की.” मला त्याच्या समजूतदारपणाचे तेव्हा कौतुक वाटले. आज वाटते, की पायाखालची माती सरकत असताना तो तिच्यावरच अंगण सारवत होता.

कारण खरा घाव करन्सीवर बसायचा होता. 5 सप्टेंबर 2016 रोजी जिओ आले, कॉल फुकट झाले, आणि दोन महिन्यांत नोटाबंदीने लोकांना मोबाइलवरून पैसे द्यायची सवय लावायला सुरुवात केली. 2018 च्या अखेरीस दोन मोठ्या कंपन्यांनी दर 28 दिवसांना किमान 35 रुपयांच्या रिचार्जची अट आणली. दहा रुपयांसाठी रोज येणारा माणूस आता 28 दिवसांनी एकदाच रिचार्ज करू लागला, तेही मुलाच्या फोनवरून, घरबसल्या. दोरीला बांधलेली वही रिकामी राहू लागली. 1 एप्रिल 2020 पासून मोबाइलवरचा जीएसटी 12 वरून 18 टक्के झाला, तो ऐन टाळेबंदीत.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. फेब्रुवारी 2019 पासून परदेशी गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजारपेठांना, विक्रेत्याला एखादा माल फक्त आपल्याकडेच विकायला भाग पाडण्यास बंदी आली, आणि जानेवारी 2020 मध्ये स्पर्धा आयोगाने अ‍ॅमेझॉन व फ्लिपकार्टच्या चौकशीचा आदेश दिला. तोवर आपल्या गल्लीतली कितीतरी शटर खाली आली होती. दक्षिणेतल्या साखळी दुकानांच्या संघटनेनेही अपुऱ्या नफ्याची तक्रार करत 1 मे 2024 पासून वनप्लसच्या फोनची विक्री थांबवण्याचे जाहीर केले, म्हणजे ज्यांच्या भीतीने गल्लीतला दुकानदार घाबरत होता त्यांचेही गणित जुळेना.

गेल्या वर्षी मी असेच एक दुकान कागदोपत्री बंद केले. जीएसटीची नोंदणी रद्द करताना शिलकी मालावर घेतलेली करवजावट परत भरावी लागते, म्हणून कव्हरे मोजायला बसलो. जुन्या सॅमसंगची, जिओनीची, ज्यांचे फोन आता कोणाच्या खिशात नाहीत अशी पाचसहाशे कव्हरे निघाली. विकत कोणी घेणार नाही, पण कर मात्र त्यांच्यावर लागतोच. मोजणी निम्म्यावर आली होती तेव्हा पायरीवरून एक म्हातारी आत डोकावली. मुलाने पुण्याहून नवा फोन पाठवला होता, पेटी तशीच हातात होती.

“दादा, ह्यात मराठी घालून दे की रे.”

दुकानदाराने हातातली कव्हरे खाली ठेवली, तिला स्टूल दिले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, “किती झाली होती? दोनशे चाळीस की एकेचाळीस?”