छापील किमतीच्या आत काय असतं

(ठाण्यातल्या नौपाड्याच्या एका ज्येष्ठ नागरिक संघात एका निवृत्त औषधविक्रेत्याने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

मंडळी, आधी दोन आकडे सांगतो. २,८०,४२८ रुपये आणि ८,८८० रुपये.

दोन्ही किमती २०१२ मधल्या, एकाच औषधाच्या, महिनाभराच्या १२० गोळ्यांच्या. सोराफेनिब. मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या बळावलेल्या कॅन्सरवर देतात. पहिली किंमत बायर कंपनीच्या नेक्सावरची, दुसरी हैदराबादच्या नॅटकोची. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी नॅटकोला ही गोळी बनवण्याचा सक्तीचा परवाना दिला, म्हणजे पेटंट असलेल्या बायरची संमती नसतानाही. आपल्या देशातला असा तो पहिलाच. बायरला विक्रीवर सहा टक्के रॉयल्टी द्यायची, असं ठरलं. पुढे ती सात झाली. बायर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, पण परवाना टिकला. गोळीमागे हिशेब करा. एकीकडे सुमारे २,३३७ रुपये, दुसरीकडे ७४. आणि नॅटको काही धर्मादाय संस्था नव्हे. ७४ रुपयांत बनवून, विकून, वर रॉयल्टी देऊन तिला परवडत होतं म्हणूनच ती परवाना मागायला गेली.

यावर लगेच कोणीतरी म्हणतं, संशोधनाला खर्च येतो हो. येतोच, कोण नाही म्हणतंय? पण किंमत त्या खर्चावरून ठरत नाही. समोरचा किती देऊ शकतो, त्याला दुसरीकडे जायला वाट आहे का, आणि त्याच्या वतीनं घासाघीस करणारं कोणी आहे का, यावरून ठरते. चाळीस वर्षं काउंटरमागे उभं राहून मला एवढं कळलंय की औषधाच्या बाजारात सगळ्यात दुबळा गिऱ्हाईक म्हणजे हातात चिठ्ठी घेऊन एकटा आलेला पेशंटचा मुलगा. औषध त्यानं निवडलेलं नसतं, ब्रँड त्यानं निवडलेला नसतो, आणि उद्या सकाळी नऊला केमो असते.

मागचं थोडं सांगतो. न्यायमूर्ती अय्यंगार समितीनं १९५९ मध्ये अहवाल दिला आणि त्यातून १९७० चा पेटंट कायदा आला. औषधावर पेटंट नाही, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर. म्हणजे वेगळ्या पद्धतीनं तेच औषध बनवायला कुणाची आडकाठी नाही. आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात औषध कारखान्यांत नोकरी केलेले दोघे-तिघे इथेच बसलेत, त्यांना हा काळ मी काय सांगावा! २००५ पासून औषधावरचं पेटंट परत आलं. तरी कायद्यात कलम ३(ड) आहे: जुन्याच औषधाचं किरकोळ बदललेलं रूप पुढे करून नवं पेटंट मागता येणार नाही. त्याच कलमावर १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं नोव्हार्टिस कंपनीचा ग्लिवेकच्या पेटंटचा दावा फेटाळला. ब्लड कॅन्सरच्या एका प्रकारावरची ही गोळी. तेव्हा नोव्हार्टिसची महिन्याला सव्वा लाखाच्या घरात होती, भारतीय कंपन्यांची आठ-दहा हजारांत.

पेटंटबद्दल वर्तमानपत्रात तरी येतं. मला सांगायचंय ते ज्या औषधांवर पेटंटच नाही त्यांच्याबद्दल. दहा कंपन्या एकच इंजेक्शन बनवतात, तर स्पर्धेनं भाव उतरायला हवा ना? उतरतो, पण पेशंटसाठी नाही. एका व्हायलवर, म्हणजे इंजेक्शनच्या बाटलीवर, छापील किंमत समजा दहा हजार. स्टॉकिस्टकडून, म्हणजे कंपनीच्या घाऊक विक्रेत्याकडून, ती दुकानाला किंवा हॉस्पिटलच्या फार्मसीला अडीच-तीन हजारांना पडते. असे खोके मी स्वतः उघडलेत. कंपन्यांची स्पर्धा असते ती मधल्या माणसाला कोण जास्त मार्जिन देतं याची, आणि मार्जिन जास्त द्यायचं तर छापील किंमत वर ठेवावी लागते. म्हणून पाटीवर ‘वीस टक्के सूट’ वाचून खूश होऊ नका. मीही ती पाटी लावायचो. लोक आशीर्वाद देऊन जायचे!

सरकारला हे ठाऊक नाही असं नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये औषध किंमत प्राधिकरणानं कॅन्सरच्या ४२ औषधांवर मधल्या साखळीचं मार्जिन ३० टक्क्यांवर बांधलं, आणि काही ब्रँडच्या किमती ८७ टक्क्यांपर्यंत उतरल्या. नीट ऐका, कंपनी स्टॉकिस्टला ज्या भावानं विकते त्याला या आदेशानं हातही लावला नव्हता. फक्त मधली हवा काढली. आता जीएसटीचं बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये ३३ जीवनावश्यक औषधांवरचा १२ टक्के कर शून्य केला. चांगलंच केलं. पण १२ टक्के कर काढला की ११२ रुपयांचे १०० होतात, म्हणजे शंभरातले दहा-अकरा रुपये सुटले. बातमी मात्र याचीच मोठी होते.

खरा फरक एकत्र खरेदीनं पडतो, आणि त्याचा पुरावा लांब नाही. ठाण्याहून पनवेलची लोकल पकडा, खारघरला उतरा. टाटा मेमोरियल सेंटरचं अॅक्ट्रेक हे कॅन्सर उपचार-संशोधन केंद्र तिथे आहे. याच टाटा मेमोरियलच्या पुढाकारानं २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड उभं राहिलं. देशभरातली कॅन्सर रुग्णालयं त्यात आली. त्यांनी ४० औषधांची मागणी एकत्र करून कंपन्यांना म्हटलं, आता बोला भाव. सुमारे १,३२० कोटी रुपये वाचले. बचत ऐंशी टक्क्यांच्या वर. तेच कारखाने, तीच औषधं. आपल्या भाजी मंडईत दहा घरांनी मिळून पोतं घेतलं तर भाव पडतो, त्यात नवल ते काय? तमिळनाडूनं सरकारी औषधखरेदीचं महामंडळ १९९४ मध्येच काढलं. आपल्या राज्याचं खरेदी प्राधिकरण यायला २०२३ उजाडलं. ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली या तीन महापालिकांनी निदान केमोच्या नेहमीच्या औषधांची एक यादी करून एकत्र भाव काढावा, असं पत्र आपल्या संघानं द्यावं, ही माझी सूचना.

किमतीइतकाच डोसचाही प्रश्न आहे. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या, म्हणजे आपल्याकडे तंबाखूनं होणाऱ्या कॅन्सरवर एक चाचणी केली. निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारं, महागडं इंजेक्शन नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, स्वस्त गोळ्यांच्या जोडीला दिलं. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण नुसत्या गोळ्यांवर १६ टक्के होतं, ते ४३ झालं. कमी डोस घ्यायला कंपनी कशाला सांगेल? हे काम सार्वजनिक रुग्णालयच करणार.

स्तनाच्या कॅन्सरवरचं ट्रास्टुझुमॅब घ्या. व्हायल ४४० मिलिग्रॅमची, पहिला मोठा डोस सोडला तर डोस किलोमागे सहा मिलिग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा. बाईंचं वजन ५५ किलो असेल तर लागतं ३३०. उरलेलं ११० बऱ्याच ठिकाणी बेसिनमध्ये जातं. खरं तर सोबत आलेल्या जंतुरोधक पाण्यात कालवलेली ही व्हायल फ्रिजमध्ये २८ दिवस चालते. पुढचा डोस २१ व्या दिवशी. म्हणजे अशा चार डोसांना चार नव्हे, तीनच व्हायल पुरतात. मात्र ती हॉस्पिटलच्याच फ्रिजमध्ये, नाव-तारीख घालून ठेवलेली हवी, घरच्या फ्रिजमध्ये कैरीच्या लोणच्याशेजारी नव्हे. डे-केअरच्या सिस्टरांना पहिल्याच दिवशी विचारा.

महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं कवच आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन उपचार सुरू होण्याआधी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, भेटा. आधी पैसे भरून मग योजनेत शिरणं फार अवघड जातं.

(श्रोत्यांतून प्रश्न: स्वस्त औषध म्हणजे डुप्लिकेट नाही ना?)

काकू, उलट आहे. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी टोळी पकडली ती महागड्या इंजेक्शनांच्या रिकाम्या व्हायल गोळा करून त्यांत बुरशीवरचं औषध भरणारी. बनावट करायला मुद्दल सुटेल असा माल लागतो. स्वस्त मिळतंय म्हणून बिलाशिवाय कोणी आणून देत असेल, तर मात्र घेऊ नका. बिलावर बॅच नंबर हवा आणि तो खोक्यावरच्या आणि व्हायलवरच्या नंबराशी जुळवून बघायचा. इंजेक्शन देऊन झालं की रिकामी व्हायल मागून घ्या आणि लेबलवर जाड मार्करनं काट मारा. खोकंसुद्धा तसंच टाकू नका, फाडा.