पेटी बरी आहे

(दृश्य : फोंडा तालुक्यातील एका देवळाचा सभामंडप. संध्याकाळ. पेटीच्या पट्ट्यांवर फिरणारा उजवा हात, अगदी जवळून.)

एकादशीच्या भजनाला अजून अर्धा तास आहे. समया पेटल्या आहेत, टाळ पिशवीतून निघायचे आहेत, पखवाजाला कणीक लावली जात आहे, आणि पेटीवर बसलेले गृहस्थ अभंगाची एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवून पाहत आहेत. वर चढताना त्यांची इतर बोटे नेहमीसारखी पडतात; करंगळी मात्र पट्टीवर न टेकता जराशी बाहेर, अधांतरी राहते आणि तिच्या वाट्याचा सूर गळतो. समोर बसून ऐकणाऱ्याला हे कदाचित जाणवणारही नाही. चाळीस वर्षे पेटी वाजवणाऱ्याला ते पहिल्याच दिवशी जाणवले होते. त्याचा अर्थ कळायला मात्र दीड वर्ष गेले.

या गृहस्थांना आपण भाई म्हणू. भाई ही कोणी एक व्यक्ती नाही. हाताची सफाई हळूहळू हरवत जाणाऱ्या आजारात गोष्टी ज्या क्रमाने घडत जातात, तो क्रम दाखवण्यासाठी हे पात्र आम्ही या माहितीपटात उभे केले आहे.

भाईंनी पहिला दोष दिला तो पेटीला. त्यात गैर काही नव्हते, कारण गोव्याच्या पावसाळ्यात लाकूड फुगते, पट्ट्या अडकतात, सुरांवर गंज चढतो, आणि चतुर्थीच्या तोंडावर पेटी दुरुस्तीला देणे हा इथल्या भजनी मंडळांचा ठरलेला रिवाज आहे. दुरुस्ती करणाऱ्याने पेटी उघडली, सूर साफ केले, स्प्रिंगा तपासल्या आणि भाईंना समोर बसवून वाजवायला सांगितले. थोडा वेळ पाहून तो म्हणाला, "पेटी बरी आहे, भाई. तुमचे बोट सुटते." आमच्या मते या गोष्टीतले पहिले अचूक निदान हेच होते. ते एका वाद्य दुरुस्त करणाऱ्याने केले, आणि म्हणूनच बहुधा कोणी मनावर घेतले नाही.

(दृश्य : माटोळी. गणपतीवर टांगायच्या लाकडी चौकटीला फळे बांधणारे हात.)

त्याच चतुर्थीत माटोळी बांधताना सुपारीचे शिपटे त्यांच्या हातून दोनदा सुटले. गाठ मारता येत होती, पण ती मारताना बोटांकडे पाहत राहावे लागत होते. नजर हटली की दोर कुठे आहे याचा बोटांना पत्ता नसे. सदऱ्याची वरची गुंडी लावायला वेळ लागू लागला. खिशातून किल्ली काढताना हाती नाणे येऊ लागले. देवळाच्या तळीच्या पायऱ्या उतरताना पाय ताठ वाटत, पण त्याचा हाताशी काही संबंध असेल हे त्यांच्या मनातही आले नाही. दुखत काहीच नव्हते. दुखले असते तर ते कदाचित महिनाभरात डॉक्टरांकडे गेले असते.

ते गेले तेव्हा म्हणाले, "डॉक्टर, विकनेस आहे."

या एका शब्दावर थोडे थांबणे आवश्यक आहे. आपल्या बोलण्यात दमलो, गळून गेलो, अंगात त्राण नाही, हात भरून येतात, पाय ओढले जातात, असे कितीतरी वेगवेगळे प्रयोग आहेत आणि त्यांतील प्रत्येकाचा अर्थ निराळा आहे. दवाखान्याच्या बाकावर बसले की मात्र या सगळ्यांचा मिळून एकच 'विकनेस' होतो. वैद्यकशास्त्रात तो शब्द स्नायूचे बळ प्रत्यक्ष कमी होण्यासाठी वापरतात; आपण तो थकव्यासाठी, भूक न लागण्यासाठी आणि कधी कधी उदासीसाठीही वापरतो. परिणामी विकनेस म्हणून गेलेला माणूस टॉनिकची बाटली घेऊन परत येतो, आणि घरचे म्हणतात, एकदा सलाईन लावून घ्या. भाईंनाही बी-कॉम्प्लेक्सच्या सुया मिळाल्या. नंतर कोणीतरी मान चोळून, झटका देऊन मोडून दिली. ही दुसरी गोष्ट किती धोक्याची होती, ते पुढे कळेल.

थकव्याचे म्हणाल, तर त्याची कारणे बहुतेक वेळा मज्जासंस्थेच्या बाहेरच सापडतात. अपुरी झोप, रक्तातील लोह कमी असणे, थायरॉइड मंदावणे, नैराश्य आणि मधुमेह ही नावे डॉक्टर आधी तपासतात आणि ते योग्यच आहे. गोव्यात मधुमेहाचा विचार तर आधी व्हायलाच हवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यात मधुमेहाचे प्रमाण सर्वाधिक आढळले ते गोव्यात, २६.४ टक्के. मधुमेह नसांना इजा करतो, ती बहुधा पायांच्या बोटांपासून सुरू होते. त्यावर वर्षानुवर्षे घेतल्या जाणाऱ्या मेटफॉर्मिन या गोळीने शरीरातील बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि बी-१२ ची उणीव मुंग्या, अडखळती चाल, हातांचा बोथटपणा आणि थकवा हे सगळे एकदम आणू शकते. रक्ताच्या एका तपासणीने ती कळते आणि वेळेवर कळली तर भरून निघते. उशीर झाला तर मज्जारज्जूला झालेली इजा पुरती भरून येईलच असे नाही.

(दृश्य : बांबोळी. गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागाची रांग, हातात केसपेपर धरलेली माणसे.)

मेंदूविकार तज्ज्ञांसमोर मात्र 'हात चालत नाही' हे वाक्य चार वाटांनी फुटते. हातात बळ नाही, की स्पर्श कळत नाही, की वेग उरलेला नाही, की ताळमेळ बिघडला आहे? या चारही गोष्टींनी कप निसटू शकतो, आणि कप निसटण्यामागचे कारण चारही वेळा वेगळे असते.

बळ पाहायचे तर बोटे फाकवून ती मिटवण्याचा प्रयत्न तज्ज्ञ करतात, किंवा अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कागद धरायला सांगून तो ओढून घेतात. स्पर्शासाठी डोळे मिटायला सांगून तळहातावर नाणे ठेवतात; एक रुपया की पाच, हे बोटांनी सांगायचे. वेगासाठी तर्जनी अंगठ्यावर भरभर आपटायची असते, आणि त्या वेळी केवळ गती नव्हे, तर प्रत्येक वेळी बोट किती उघडते आहे, हेही पाहिले जाते. ताळमेळासाठी स्वतःच्या नाकाला आणि मग समोरच्या बोटाला आळीपाळीने हात लावायचा. चहाचा पेला गार होईपर्यंत ही सगळी तपासणी उरकते, आणि माहितीपटासाठी ती टिपताना आम्हाला वारंवार वाटले की एमआरआयच्या आधी हीच खरी तपासणी आहे.

रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येऊन जाग येत असेल आणि हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर नस बहुधा मनगटात दबलेली असते. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट वाकत चालले असेल, तर कोपराजवळची नस तपासतात, आणि त्याच वेळी अंगावर फिकट, बधिर चट्टा आहे का हेही पाहतात. कारण कुष्ठरोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरला नसल्याचे २००५ च्या अखेरीस जाहीर झाले असले, तरी त्याचे नवे रुग्ण देशात आजही सापडतात. त्यावरील औषधे सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात. लाजेने लपवलेला चट्टा हाताला कायमचे वाकवून ठेवू शकतो.

(दृश्य : जुन्या जमाखर्चाची वही. दोन पाने शेजारी शेजारी.)

आता एका निवृत्त शिक्षिकेची वही पाहा. डावीकडचे पान पाच वर्षांपूर्वीचे आहे. अक्षर मोठे, गोल, शाळेतल्या फळ्यावर असते तसे. उजवीकडचे पान या वर्षीचे. ओळीची सुरुवात ठीक आहे, पण शेवटाकडे जाता जाता अक्षर मुंगीएवढे होते आणि शिरोरेषा खाली कलते. घरात हे कोणाच्याही लक्षात आले नाही. आले ते बँकेत, सही जुळत नाही म्हणून धनादेश परत आला तेव्हा. चालताना त्यांचा उजवा हात डाव्याइतका हलत नाही, आणि चैत्रात घरात आणलेल्या सुरंगीच्या वळेसराचा वास गेली दोन वर्षे त्यांना येत नाही. वास जाणे ही सर्दीची गोष्ट, असे समजून ते कोणाला सांगितलेही गेले नव्हते. लंडनमधील डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली सहा व्यक्तींचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यातल्या काही त्यांना रस्त्यावर भेटलेल्या होत्या. शिक्षिकेला झालेला, पार्किन्सन यांच्याच नावाने ओळखला जाणारा हा आजार नुसत्या चालीवरून आणि हातावरून ओळखता येतो, आणि कंप सुरुवातीला सर्वांमध्ये असतोच असे नाही. कंप नाही म्हणजे पार्किन्सन नाही, ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट आहे की तिच्यामुळेच तपासणी लांबते.

तरुण वयातला थकवा हा आणखी वेगळा विषय आहे. वीस ते चाळीस या वयात, पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक दिसणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात चेतातंतूंवरील आवरण जागोजागी झिजते. हाताचा बोथटपणा काही दिवस किंवा आठवडे राहतो, मग पुष्कळसा ओसरतो, आणि माणूस तो विसरूनही जातो. थकवा मात्र मागे राहतो. मे महिन्यात, अंगाला घाम चिकटून बसतो त्या दिवसांत किंवा कढत पाण्याच्या आंघोळीनंतर, लक्षणे तात्पुरती वाढतात. या परिणामाला जर्मन डॉक्टर उट्हॉफ यांचे नाव आहे; श्रमानंतर रुग्णांची दृष्टी तात्पुरती मंदावते, हे त्यांनी १८९० साली नोंदवले होते. गोव्यात उकाड्याने कोण थकत नाही, असे म्हणून ही खूण सहज निसटते. त्याउलट सकाळी टवटवीत असलेले डोळे संध्याकाळी मिटू लागत असतील, बोलता बोलता आवाज नाकात जात असेल, केस विंचरता विंचरता हात खाली येत असेल आणि थोड्या विश्रांतीने पुन्हा वर जात असेल, तर तो मायस्थेनिया, म्हणजे वापरता वापरता स्नायू थकण्याचा आजार, असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत.

इंटरनेटवर शोध घेणारा माणूस मात्र या सगळ्यांना ओलांडून थेट सर्वांत भीतिदायक नावाकडे जातो. चेतापेशी झिजत जाणारा एएलएस हा आजार आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तो दुर्मीळ आहे. त्यात स्पर्श सहसा शाबूत राहून बळ जाते, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधले मांस आटते. पापणी किंवा दंड नुसता फडफडतो एवढ्यावरून तो ठरत नाही.

वरील सर्व गोष्टी दिवसांच्या किंवा महिन्यांच्या हिशेबाने चालतात. एक गोष्ट तशी चालत नाही. हात अचानक अनाडी झाला, आणि त्याबरोबर जीभ अडखळली किंवा तोंड वाकडे झाले, तर तो पक्षाघात समजून त्याच क्षणी १०८ ला फोन करायचा असतो. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध लक्षण सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि काणकोण किंवा सत्तरी तालुक्याच्या आतल्या गावातून बांबोळी गाठण्यातच त्यातला बराच वेळ जातो. पाच मिनिटांत हात पूर्ववत झाला तरी जायचे असते.

(दृश्य : तपासणीची खोली. भाईंचा हात तज्ज्ञांच्या हातात.)

भाईंच्या मधल्या बोटाचे नख तज्ज्ञांनी टिचकी मारल्यासारखे झटकले. त्याबरोबर अंगठा आपोआप आत वळला. भाईंनी तो वळवला नव्हता. मग दहा सेकंदांत मूठ जितक्या वेळा उघडता-मिटता येईल तितक्या वेळा उघडायला सांगितले. निरोगी माणसाला हे सुमारे वीस वेळा जमते. भाईंचे अकरा झाले, आणि दर वेळी करंगळी शेवटी उघडत होती. या दोन्ही खुणा मानेकडे बोट दाखवत होत्या; दोष हातात नव्हता. मानेच्या मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो, तो साधारण करंगळीएवढाच जाड असतो. वयाबरोबर मणक्यांमधील गाद्या झिजतात, हाडाला कंगोरे फुटतात आणि ती जागा आकसत जाते. एमआरआयमध्ये पाचव्या आणि सहाव्या मणक्याच्या मध्ये तो चेपलेला स्पष्ट दिसला. बोटांचा बोथटपणा आणि पायऱ्यांवरचा ताठरपणा यांचे मूळ एकच होते. अशा मानेला झटका देऊन मोडण्याने माणूस एका क्षणात पांगळा होऊ शकतो.

परदेशातील अभ्यासांत या आजाराच्या निदानाला सरासरी दोन वर्षांहून अधिक काळ लागल्याचे आढळले आहे, आणि अनेकदा आधी मनगटातील नस दबल्याचेच निदान होते. त्या मानाने भाईंचे दीड वर्ष कमीच म्हणायचे. शस्त्रक्रियेआधी त्यांना स्पष्ट सांगण्यात आले की तिचा पहिला हेतू पुढची हानी थांबवणे हा आहे. गेलेले किती परत येईल, ते आधी सांगता येत नाही.

(दृश्य : पुन्हा सभामंडप. भजन रंगात आले आहे.)

शस्त्रक्रियेला आठ महिने झाले. भाई पेटीवर आहेत, पण द्रुत अभंगाला पेटी भाच्याकडे जाते आणि ते टाळ घेतात. सदऱ्याची वरची गुंडी ते आता न पाहता लावतात. माटोळी बांधायला मात्र त्यांना शिडीवर चढू देत नाहीत, आणि त्यावरून घरात वाद होतो.

गेल्या तपासणीत दहा सेकंदांत मूठ सतरा वेळा उघडली. करंगळी अजून शेवटीच उघडते.